लाकूडगाडी यायचीय

५ जानेवारी, सोमवार

बस गेली. म्हणजे बस आहे, मार्ग गेला. पालिकेनं ठरवलं — शाळेपासून चालत जाण्याजोग्या अंतरावरच्या मुलांना आता बस मिळणार नाही. आमची अख्खी वस्ती त्यात आली. मला शहराबाहेरच्या नव्या वसाहतीच्या मार्गावर टाकलंय. डेपोतल्या मुकादमानं हे सांगितलं तेव्हा माझ्या हातात पान्हा होता. तो त्याच्या डोक्यात घातला नाही, एवढाच माझा संयम.

मुलं चालतील, पाय आहेत त्यांना. माझा जीव अडकलाय तो खिडक्यांत. इतकी वर्षं त्या गल्ल्यांतून बस नेताना मी एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांच्या घरापाशी दोनदा हॉर्न द्यायची. आतून कोणी पडदा हलवायचं, कोणी काठी वर करायचं. शिंपीणबाई तर कात्री दाखवायची. पडदा हलला नाही की मी बस थांबवून कडी वाजवायची. एकदा असाच पडदा हलला नाही म्हणून एक आजी न्हाणीघरात पडलेल्या सापडल्या, वेळेवर सापडल्या. हे मला कोणी करायला सांगितलं नव्हतं. पालिकेला पत्ताच नाही की तिची एक योजना आधीपासून चालू होती, तीही फुकटात.

शेवटची खिडकी आमच्याच घराची. बाबा तिथून हिरवं फडकं दाखवतात. रेल्वेच्या फाटकावर गेटमन होते ते. सगळं ठीक, पुढे जा, असा त्या फडक्याचा अर्थ. आज दाखवलं तेव्हा मी हॉर्न जरा लांबवला.

७ जानेवारी, बुधवार

पालिकेच्या सभेला गेले. बसायला जागा नव्हती, मागे पाण्याच्या पिंपाला टेकून उभी राहिले. पुढे एक चुणचुणीत अधिकारी बाई बोलत होती. नाव सांगितलं तिनं, पण मी तिला योजनाबाईच म्हणणार. दर वाक्यात योजना!

तर योजना अशी — वस्तीत एकटी पडलेली म्हातारी माणसं आहेत. त्यांना आधार हवा, त्यांनी माणसांत यायला हवं. वस्तीत चालत शाळेला जाणारी मुलं आहेत. त्यांना सोबत हवी. मग एकेका म्हाताऱ्याला एकेक मूल जोडून द्यायचं. सकाळी जोड्याजोड्यांची रांग करून शाळेपर्यंत जायचं. मुलांची राखण होते, म्हाताऱ्यांची विचारपूस होते. नावही ठेवलंय, ‘सोबत’. टाळ्या पडल्या. माझेही हात वर आले होते, खोटं कशाला बोलू. कल्पना वाईट नाही आणि त्याचाच मला राग आलाय.

आमच्या शेजारच्या नर्सबाईनं विचारलं, “वाटेत रेल्वेचं फाटक आहे, त्याचं काय?” योजनाबाई हसली. “फाटक आता आपोआप पडतं, आपोआप उठतं. तिथं माणूस लागतच नाही.”

बाबा सभेला नव्हते ते बरं झालं. हे वाक्य कानावर पडलं असतं तर जेवले नसते.

११ जानेवारी, रविवार

योजनाबाई घरी आली. मी दिवसभर बसवर, म्हणून बाबांचं नाव ‘आधाराची गरज असलेल्यां’मध्ये! बाबांनी पेपर तोंडापुढे धरला आणि पेपराआडून म्हणाले, “मला कसला आधार? मी काय वेल आहे?”

ती बिचारी समजावत राहिली. मुलं, शाळा, रस्ता. बाबा पेपर हलवेनात. मग ती म्हणाली की वाटेत फाटक ओलांडावं लागतं — आणि पेपर खाली आला. उठून उभेच राहिले. “फाटकावर मुलं न्यायची? मग मी आहे.”

निवृत्त झाल्यापासून हा माणूस दुपार दुपार भिंतीकडे तोंड करून बसतो. आई गेल्यावर तर ती भिंत म्हणजे त्यांचं ऑफिसच झालं. आज संध्याकाळी त्यांनी ट्रंक उघडली, जुना काळा कोट काढला, पितळी बटणं घासत बसले. शिट्टीही निघाली. फुंकून पाहिली तर खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

योजनाबाईनं जाताना विचारलं होतं, “तब्येत वगैरे ठीक ना?” मी ठीक म्हटलं. दूध उतू घालवतात, चष्मा तांदळाच्या डब्यात सापडतो — म्हातारपणी हे कोणाच्या घरी होत नाही?

१९ जानेवारी, सोमवार

पहिला दिवस. बाबांच्या जोडीला नर्सबाईची मुलगी आलीय. दुसरीत आहे. सगळे तिला खारूताई म्हणतात, कारण खिशात कायम काहीतरी कोंबलेलं आणि दातांत काहीतरी कुरतडणं चालू. नर्सबाईची पहाटपाळी, त्यामुळे पोर माझ्याच बसनं जायची, माझ्या पाठीमागच्या सीटवर. आज बाबांचं बोट धरून गेली.

माझा नवा मार्ग रेल्वेच्या उड्डाणपुलावरून जातो. पुलावरून खाली फाटक दिसतं, मुठीएवढं. वेळ अशी जुळते की मी वर असते तेव्हा रांग खाली पोचलेली असते. पुढे काळा कोट, शेजारी लाल दप्तर, मागे सगळी वरात. मुलांनी बसमधून टाळ्या वाजवल्या. मला भरून आलं, पण पुलावर थांबता येत नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

बाबा जेवतात. बाबा गुणगुणतात. बाबांनी काल स्वतःहून दाढी केली! दादाला फोन करून सांगितलं. तो दूरगावी बसून म्हणाला, “बघ, मी म्हणत नव्हतो?” कधी म्हणत होता देव जाणे.

संध्याकाळी खारूताई वाटी परत द्यायला आली. म्हणाली, “आज शाळेत उशीर झाला. लाकूडगाडीसाठी थांबलो.”

“कसल्या गाडीसाठी?”

“लाकूडगाडी. लांबच लांब असते. आजोबा म्हणाले, यायचीय. मग ती आलीच नाही. मग आजोबा म्हणाले, गेली वाटतं.”

मी हसले. ती गेल्यावर हसू गेलं. लाकूडगाडी मी पाहिलीय. मी परकराच्या वयाची असताना सकाळी फाटकावरून जायची, लाकडाच्या गिरणीसाठी ओंडके भरून. गिरणी बंद पडली तेव्हा गाडीही बंद झाली. गिरणीकडे वळणारे तिचे रूळसुद्धा उपटून नेलेत.

२८ जानेवारी, बुधवार

आज विचारलंच. “बाबा, लाकूडगाडी बंद झालीय ना?”

भाजी चिरत होते. विळीवरून मान वर केली. “बंद झाली? मग मी रोज झेंडी कोणाला दाखवतो?”

थट्टा करताहेत असं वाटून मी तोंडाकडे पाहत राहिले. थट्टा नव्हती. मग त्यांचं त्यांनाच काहीतरी जाणवलं, मान खाली घालून भाजी चिरायला लागले, पण हात नुसतेच वरखाली.

नसलेल्या गाडीसाठी थांबले तर फार तर उशीर होईल, मास्तर ओरडतील. मला भीती उलटीच वाटते. त्यांच्या डोक्यात जुन्या गाड्या आहेत. नवी गाडी त्यांच्या डोक्यात नाहीच. आणि नवी गाडी म्हणजे ती विजेवरची — धूर नाही, धडधड नाही, अंगावर येईपर्यंत कळत नाही. तिच्यासाठी कोण थांबणार?

२९ जानेवारी, गुरुवार

फाटक आपोआप पडतं. आपोआप पडतं. दिवसभर हेच घोकत बस चालवली.

३ फेब्रुवारी, मंगळवार

हिंमत करून पालिकेत गेले. योजनाबाईनं चहा मागवला, म्हणजे वेळ द्यायची तयारी होती. मी सांगितलं — बाबांचा काळ सरमिसळ होतोय, बंद झालेल्या गाडीची वाट बघतात, फाटकाशी त्यांना पुढे ठेवू नका.

तिनं ऐकून घेतलं. मग आवाज मऊ करून म्हणाली, “बसचा मार्ग गेल्याचं तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे.” 

मी म्हटलं, बसचा काय संबंध. ती म्हणाली, “सभेत तुम्ही कसं तोंड करून उभ्या होतात ते पाहिलंय मी. आणि अहो, थांबतातच ना ते? घाई तर करत नाहीत. सगळ्यांत सावध तेच आहेत.” वर हेही की थंडीनं गुडघे धरल्यामुळे बाकीच्या आजी-आजोबांची गळती लागलीय. शिंपीणबाईनं तर पहिल्याच आठवड्यात सोडलं. एकटे बाबाच एक दिवस चुकलेले नाहीत.

चहा तसाच टाकून आले. चीड याची की तिचं म्हणणं सरळ खोटं नाही. मार्ग गेल्याची पोटदुखी मला आहेच. मग भीती कुठली आणि पोटदुखी कुठली, हे माझं मला तरी नीट कळतंय का?

दादाला फोन. “असू दे गं. किती वर्षांनी माणसात आलेत ते. आता घरी बसवलंस तर खचतील.” म्हणजे त्याच्याकडून एवढंच.

९ फेब्रुवारी, सोमवार

धुकं. पुलावरून खाली पाहिलं तर फाटक पडलेलं होतं. दांडीच्या बाहेर रांग उभी. आणि दांडीच्या आत, रुळांकडे, काळा कोट. शेजारी लाल दप्तर, तेही आत. पोर त्यांच्या बाहीला लोंबकळत होती.

पाय ब्रेकवर गेला. मागच्यानं हॉर्न मारला. पुलाच्या पलीकडे उतरून आरशात पाहिलं तोवर काही दिसेना. शाळेत फोन केला — सगळी मुलं आलीत, बाबाही परत निघालेत. जिवात जीव आला.

संध्याकाळी भांडले त्यांच्याशी. पडलेल्या फाटकाच्या आत कशाला गेलात, तेही पोरीला घेऊन? बाबा हसले. ड्यूटीवरचं ते जुनं हसू, कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. म्हणाले, “अगं, फाटक लोकांसाठी असतं. गेटमनला फाटक नसतं.”

बरोबरच आहे. आयुष्यभर दांडीच्या आत उभं राहायची सवय त्यांची. बाहेर उभं राहणं त्यांना कोणी शिकवलंच नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

कामावरून चालत घरी येत होते. बाबा खिडकीत. मला पाहून फडकं हलवायला लागले. लाल. मी मागे वळून पाहिलं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. वर जाऊन विचारलं, लाल का? म्हणाले, “तुझ्या मागून गाडी येत होती ना.”

१३ फेब्रुवारी, शुक्रवार



आज फाटक पडलंच नाही. कुठली तरी तार जळली म्हणे. दांडी सरळ वर, दिवा नाही, घंटा नाही, रस्ता मोकळा. मी पुलावर होते. धुक्यातून नवी गाडी येताना मला वरून दिसली, खालच्यांना दिसत नसणार. रांग रुळांच्या दिशेनं चालली होती. मी काचेवर हात आपटले. काचेवर हात आपटून खाली ऐकू जातं का? पण दुसरं काय करणार होते.

आणि रांग थांबली.

काळा कोट अगदी रुळाच्या तोंडाशी उभा राहिला. खारूताईनं त्यांची बाही दोन्ही हातांनी धरलेली — घाबरली असणार लेकरू. मागची सगळी मुलं जागच्या जागी. गाडी समोरून निघून गेली, आवाजही नाही.

मुकादमाला सांगून दुपारी घरी आले. बाबा शांतपणे बटणं पुसत होते. “बाबा, कळलं कसं तुम्हाला?” 

“काय कळलं?”

“गाडी येतेय ते.”

“लाकूडगाडीची वेळच होती ती,” बाबा म्हणाले.

१४ फेब्रुवारी, शनिवार

घराला जत्रेचं रूप आलंय. नगरसेवक येऊन गेले. मुख्याध्यापिका आल्या, मुलांच्या आया आल्या. एकीनं तर बाबांचे हात धरून रडून घेतलं. नर्सबाई रात्रपाळी करून आली होती, डोळे सुजलेले, नुसती कोपऱ्यात बसून राहिली. सगळ्यांच्या तोंडी एकच — दिवा नाही, घंटा नाही, तरी या माणसाला कळलं! अनुभव म्हणतात तो हा!

खारूताई दाराआड उभी राहून नखं कुरतडत होती. एकीनं तिला पुढे ओढून विचारलं, “तू भ्यालीस का गं?” तिनं बाबांकडे पाहिलं आणि मान हलवली. हो म्हणाली की नाही, कळलं नाही.

मला एकटीला ठाऊक आहे की बाबा त्या गाडीसाठी थांबलेच नव्हते. दुसऱ्याच गाडीसाठी थांबले होते, जी कधीच येणार नाही. योगायोगानं वेळ जुळली. पण मग वाटतं, थांबले तर खरे. माझ्या सगळ्या भीतीला त्या एका थांबण्यानं तोंडावर पाडलंय. चुकून का होईना, लाकूडगाडीनं मुलं वाचवली. ती रोज येवो बापडी.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सभा. या वेळी मला पुढे खुर्ची दिली, बाबांच्या शेजारी. प्रस्ताव सुधारून मांडला. बाकीचे आजी-आजोबा थंडीमुळे येत नाहीत, तेव्हा सोमवारपासून सगळ्या मुलांची रांग बाबा एकटे नेतील. त्यांना छातीवर लावायला बिल्ला. पलीकडच्या दोन वस्त्यांची मुलंही याच रांगेत येतील, म्हणजे तिकडचीही बस बंद. योजनाबाई माझ्याकडे पाहून हसली, त्या हसण्यात कुचकेपणा नव्हता, तेच जास्त लागलं.

नर्सबाईनं उभं राहून सांगितलं की त्यांना हॉस्पिटलचं घर मिळालंय, नव्या वसाहतीत, रविवारी सामान हलवणार. म्हणजे सोमवारपासून खारूताई माझ्या बसमध्ये! एवढीच गोष्ट आज गोड वाटली.

मग नगरसेवकांनी विचारलं, “घरच्या माणसांची संमती आहे ना?” सगळी सभा माझ्याकडे पाहायला लागली. बोलायची वेळ होती. दांडीच्या आत उभे राहतात हे सांगायचं होतं. लाल फडक्याचं सांगायचं होतं. बाबांकडे पाहिलं. कोटाची सगळी बटणं चमकत होती, केस पाणी लावून बसवले होते, आणि ते माझ्याकडे असे बघत होते जसा परीक्षेचा निकाल ऐकायला मुलगा बघतो.

मी म्हटलं, आहे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज पुलावरून खाली पाहिलं नाही. पुढच्या ट्रककडे बघत राहिले.

२२ फेब्रुवारी, रविवार

दुपारभर नर्सबाईचं सामान टेम्पोत चढवायला मदत केली. बाबा खाली उभे राहून टेम्पोवाल्याला शिट्टी मारून मागे-पुढे घेत होते, तो बिचारा हसून ऐकत होता. निघायच्या वेळी खारूताई दिसेना. आमच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली सापडली, गुडघ्यांत डोकं घालून.

मी शेजारी बसले. म्हटलं, रडायचं काय, उद्यापासून माझ्या पाठीमागच्या सीटवर तूच ना? आजोबांना रविवारी भेटायला ये.

ती म्हणाली, “पण मग फाटकाशी आजोबांना कोण थांबवणार?”

“आजोबाच थांबवतात ना तुम्हाला.”

“नाही. मी थांबवते.”

मग सगळं सांगितलं, नाक ओढत, खिशातले शेंगदाणे एकेक काढून पुन्हा खिशात टाकत. पहिल्या दिवसांत आजोबा खरंच लाकूडगाडीसाठी थांबायचे. मग विसरायला लागले, न थांबताच चालत सुटायचे. फाटक पडलेलं असलं तरी दांडीखालून आत. थांबा म्हटलं तरी थांबत नाहीत, हात ओढला तरी हात सोडवून घेतात. एकदा तिला सुचलं म्हणून म्हणाली, आजोबा, लाकूडगाडी यायचीय. लगेच थांबले. तेव्हापासून ती रोज म्हणते. त्या शुक्रवारीसुद्धा तिला धुक्यात दिवा दिसला होता, नवीन गाडीचा. ती बाहीला धरून म्हणाली, लाकूडगाडी यायचीय. पहिल्यांदा त्यांनी ऐकलं नाही. मग तिनं ओरडून सांगितलं.

म्हणजे नऊ तारखेला धुक्यात ती बाहीला लोंबकळत नव्हती. मागे ओढत होती. मी दोन्ही वेळा वरून पाहिलं. दोन्ही वेळा उलटं वाचलं.

“आईला का नाही सांगितलंस गं?”

“सांगितलं असतं तर आजोबांना घरी बसवलं असतं. भिंतीकडे.”

भिंतीचं तिला बाबांनीच सांगितलं असणार, आणखी कोण सांगणार. खालून तिची आई हाका मारायला लागली. दारापाशी जाऊन ती परत आली. मला म्हणाली, “नुसतं ‘थांबा’ नाही म्हणायचं हं. लाकूडगाडी म्हणायचं. आणि जोरात म्हणायचं, डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू येतं.”

टेम्पो गेला. बाबा वर आले, बिल्ला कोटाला लावून आरशात पाहिला. मी पालिकेत फोन केला, रविवार, कोण उचलणार. योजनाबाईचा नंबर बंद. शाळेच्या शिपायाला निरोप सांगितला, त्यानं “उद्या कळवतो” म्हटलं. शेवटी मुकादमाला सांगितलं, उद्या मी बस नेणार नाही. “कामावरून काढतील,” म्हणाला. काढू देत.

बाबांना काय सांगायचं ते काही सुचत नाही. बाबा, उद्या सुट्टी आहे — म्हणून पाहिलं. “रेल्वेला सुट्टी असते का?” म्हणाले आणि बूट पुसायला बसले.

२३ फेब्रुवारी, सोमवार

मी उठायच्या आत कोट चढवून गेले होते. तशीच पळत फाटकाशी पोचले. दांडी पडलेली. बाबा आत, मागून मुलं एकेक करून दांडीखालून वाकून येत होती, त्यांच्या मागोमाग. मी पुढ्यात उभी राहिले, उजव्या कानाशी ओरडले, “लाकूडगाडी यायचीय!” थांबले. सगळ्या मुलांना बाहेर ढकललं, बाबांनाही. नवी गाडी गेली.

मग मी हात पुढे केला आणि शिट्टी मागितली. त्यांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं. “ऑर्डर आहे का तुमची?”

म्हटलं, तोंडी आहे. आत्ताच आलीय.

त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात ठेवली, बिल्लाही ठेवला. “चार्ज दिला,” म्हणाले. “लाकूडगाडीकडे लक्ष ठेवा, बाई. मी घरी जातो. माझी मुलगी वाट बघत असेल.”